दादाचा बुल गिअर

गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा दादाच्या नातीनं विचारलं, "आबा कारखान्यात होते म्हणजे नक्की काय करायचे हो?" ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरातल्या बाकीच्यांनी आपापल्या परीनं उत्तरं दिली. कुणी म्हणालं फिटर होते, कुणी म्हणालं मिलवर होते, वहिनी म्हणाल्या, "रात्रपाळी करायचे, आणखी काय!" दादाला जाऊन आता दोन वर्षं होतील. छत्तीस वर्षांची नोकरी "कारखान्यात होते" या दोन शब्दांत संपावी हे काही मला पटलं नाही. मी शाळेत शिकवत होतो आणि दर वर्षी सातवीच्या मुलांची सहल घेऊन कारखान्यावर जायचो. समजावून सांगायला अर्थातच दादा असायचा. त्यामुळे त्याचं काम मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ते आज लिहून ठेवतो. नातीसाठी तर आहेच, पण ज्यांनी साखर फक्त डब्यातच पाहिली आहे अशा मंडळींसाठीही.

आधी सोप्याकडून सुरुवात करू. रस्त्याकडेचं रसवंतीगृह सगळ्यांनी पाहिलेलं आहे. घुंगरांच्या आवाजाकडे आपलं लक्ष असतं, पण पुढच्या वेळी यंत्राच्या बाजूला पाहा. मोटरची पुली गरागरा फिरत असते, तिच्या पट्ट्यावर एक मोठी पुली जरा सावकाश फिरते, तिच्या दांड्यावरचं लहान दातेरी चाक एका भल्या मोठ्या दातेरी चाकाला ढकलत असतं, आणि ते मोठं चाक अगदी संथ, बैलाच्या चालीनं फिरतं. ऊस चिरडणारी लाट या शेवटच्या चाकाला जोडलेली असते. मोटरला आणि लाटेला थेट जोडलं तर काय होईल? ऊस तोंडात घेताच मोटर अडकून बसेल. मोटरजवळ वेग भरपूर असतो, पीळ थोडा. उसाला वेग नको असतो, पीळ हवा असतो. हा सौदा मधली चाकं करून देतात.

गुऱ्हाळावरच्या जुन्या बैलांच्या चरकात हा प्रश्नच नव्हता, कारण बैल मुळातच सावकाश चालतो आणि जोर भरपूर लावतो. इंजिन आणि मोटर आल्यावर पळणाऱ्या यंत्राला बैलासारखं चालायला शिकवणं भाग पडलं. दादा मुलांना सांगायचा, "गिअरबॉक्स म्हणजे पोरांनो, घोड्याचा बैल करायची पेटी." मुलं हसायची आणि लक्षात ठेवायची!

आता कारखान्याकडे येऊ. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभा राहिला आणि त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्यानंतर आमच्या भागात एकेक करत कारखाने उभे राहिले. दादा त्यातल्याच एकात 1966 साली लागला आणि 2002 साली निवृत्त झाला. त्याचं सगळं आयुष्य मिल हाऊसमध्ये गेलं. मिल हाऊस म्हणजे ऊस पिळण्याचा विभाग. एकामागोमाग एक चार ते सहा मिल, प्रत्येकीत तीन मोठे रोलर. ऊस पहिल्या मिलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो आणि शेवटी कोरडं चिपाड बाहेर पडतं. ते चिपाड बॉयलरला जातं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि ते टर्बाइन पुन्हा मिल फिरवतं. उसानंच ऊस पिळायचा असा हा कारभार.

टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेतं. त्याला लागून असलेला बंद गिअरबॉक्स तो वेग 1500 वर आणून देतो असं धरू. मिलचा रोलर मात्र मिनिटाला जेमतेम पाच फेरे घेतो. म्हणजे 1500 चे 5 करायचे, तीनशे पट कमी. हे एकाच जोडीत का करत नाहीत, असा प्रश्न प्रत्येक सहलीत एखादं तरी पोर विचारायचंच. एका जोडीत करायचं तर लहान चाक 20 सेंटीमीटर व्यासाचं घेतलं तरी मोठं चाक 60 मीटर व्यासाचं घ्यावं लागेल. एवढं चाक कारखान्यात मावायचं नाही, कारखानाच चाकात बसवावा लागेल! म्हणून ही घट टप्प्याटप्प्यानं करतात. पहिल्या जोडीत पाचपट, दुसरीत चौपट, तिसरीत तिप्पट आणि शेवटच्या जोडीत पुन्हा पाचपट. 1500 चे 300, 300 चे 75, 75 चे 25 आणि 25 चे 5. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ, साठा पाचे तीनशे. पाढे पाठ असलेल्या मुलाला गिअरबॉक्स निम्मा तिथेच कळतो.

पहिल्या तीन जोड्या लोखंडी पेटीत, तेलात बुडालेल्या. शेवटची जोडी बाहेर, उघडी. तिच्यातलं लहान चाक म्हणजे पिनियन आणि मोठं चाक म्हणजे बुल गिअर. दादा ज्याच्यापाशी उभा राहून नोकरी करायचा तो हा बुल गिअर, तीन मीटर व्यासाचा, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच. सगळ्या साखळीतलं हे शेवटचं चाक. यंत्राची ताकद इथून बाहेर पडते आणि मिलच्या रोलरला मिळते.

वेग कमी होतो तेव्हा जातो कुठे? कुठेच जात नाही, त्याचा पीळ होतो. हे मी फळ्यावर गणित मांडून दाखवायचो. समजा यंत्राची ताकद 500 किलोवॅट, म्हणजे साधारण 670 अश्वशक्ती. 1500 फेऱ्यांच्या दांड्यावर या ताकदीचा पीळ किती? दांड्याला एक मीटर लांबीचा पाना लावला आणि त्याच्या टोकाला सुमारे 325 किलो वजन टांगलं, तर जेवढा पीळ बसेल तेवढा. आता वेग तीनशे पट कमी झाला की पीळ तीनशे पट वाढतो. 325 किलोचे होतात 97 टन. दातांच्या घासण्यात प्रत्येक जोडीमागे थोडं थोडं वाया जातं म्हणून आपण 90 टन धरू. बुल गिअरची त्रिज्या दीड मीटर, म्हणजे त्याच्या कडेला, जिथे पिनियनचा दात टेकतो तिथे, भार आला 60 टनांचा. दहा टनी सहा ट्रक भरून ऊस घ्या आणि तो एक-दोन दातांवर ठेवा. तेवढा भार, रात्रंदिवस.

म्हणून साखळीत जसजसं पुढे जावं तसतसे दात जाड आणि रुंद होत जातात. पहिल्या जोडीचं पिनियन एका माणसाला उचलता येईल एवढं असतं, बुल गिअरला क्रेनच लागते. दादा म्हणायचा, "मास्तर, पहिला गिअर पळतो, शेवटचा पेलतो." (मला तो घरातही मास्तरच म्हणायचा, वहिनींसमोर तर मुद्दाम.)

पळण्यातला फरक किती, तेही पाहू. पहिलं पिनियन मिनिटाला 1500 फेरे घेतं, म्हणजे दिवसाला 21 लाख 60 हजार. बुल गिअर मिनिटाला 5, दिवसाला 7200. हंगाम 150 दिवसांचा धरला तर बुल गिअरचे पूर्ण हंगामात 10 लाख 80 हजार फेरे होतात. म्हणजे पहिलं पिनियन अवघ्या बारा तासांत जेवढं फिरतं तेवढं फिरायला बुल गिअरला अख्खा हंगाम लागतो! बुल गिअरचा प्रत्येक दात फेऱ्यात एकदाच भार घेतो. पिनियनच्या दाताला मात्र तोच भार पाचपट वेळा घ्यावा लागतो, म्हणून पिनियन अधिक कठीण पोलादाचं करतात. झिजायचं तर दोघांनी बरोबरीनं झिजावं.

बरोबरीनं झिजण्याची आणखी एक युक्ती आहे, आणि ती मला गणिताचा शिक्षक म्हणून फार आवडते. पिनियनला 20 दात आणि बुल गिअरला 100 दात ठेवले तर हिशेब सोपा, बरोबर पाचपट. पण मग पिनियनचा पहिला दात बुल गिअरच्या 1, 21, 41, 61 आणि 81 या पाचच दातांना जन्मभर भेटत राहणार. त्यात खोट असली तर ती त्याच पाच दातांना खात राहणार. म्हणून जाणकार लोक 100 ऐवजी 101 दात ठेवतात. 20 आणि 101 या सहमूळ संख्या, त्यांचा लसावि 2020. आता पिनियनचा प्रत्येक दात बुल गिअरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि तीच जोडी पुन्हा जुळायला बुल गिअरचे 20 फेरे जावे लागतात, म्हणजे चार मिनिटं. एखाद्या दाताचा दोष सगळ्यांत थोडाथोडा वाटला जातो. इंग्रजीतून आलेला याचा शब्द आहे हंटिंग टूथ. "लसावि शिकून उपयोग काय?" असं विचारणाऱ्या कित्येक पोरांना मी मिल हाऊसमध्ये नेऊन उभं केलं आहे.

दाताचा आकारही कुणी मनानं ठरवलेला नाही. डब्याला दोरा गुंडाळा, टोकाला पेन्सिल बांधा आणि दोरा ताठ ठेवून उलगडत जा. पेन्सिल कागदावर जी वक्र रेषा काढते तिला इन्व्होल्युट म्हणतात. दाताची बाजू या रेषेची असते. ऑयलर या गणितज्ञानं 18 व्या शतकात गिअरच्या दातांसाठी ही रेषा सुचवली. तिचा गुण असा की दात एकमेकांवरून सरकत असताना वेगाचं प्रमाण क्षणभरही बदलत नाही, धक्के बसत नाहीत. शिवाय दोन चाकांमधलं अंतर थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. बेअरिंग झिजणाऱ्या कारखान्यात हा गुण सोन्याच्या मोलाचा.

आणि तरीही बुल गिअरला जपावं लागतं. मिलचा वरचा रोलर पक्का बसवलेला नसतो. त्याच्यावर तेलाचा दाब असतो आणि उसाचा थर जाड आला की तो थोडा उचलला जातो, पातळ आला की खाली बसतो. हे वर-खाली होणं बुल गिअरपर्यंत पोचलं तर दात तिरके लागतील आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येईल. म्हणून बुल गिअर आणि रोलर यांच्यामध्ये एक जाड चौकोनी दांडा असतो, टेल बार. त्याची दोन्ही टोकं कपलिंगमध्ये थोडी सैल बसतात. रोलर हलला तरी दांडा थोडा तिरका होतो आणि पीळ पोचवतो, बुल गिअर मात्र जागचा हलत नाही. वरच्या रोलरवरून खालच्या दोघांना फिरवणाऱ्या चाकांचे दात याच कारणानं लांब ठेवतात, रोलर उचलला तरी एकमेकांतून सुटू नयेत म्हणून.

वंगणाची गोष्टही वेगळीच. पळणारी चाकं आपल्या वेगानंच तेल ओढून घेतात आणि दोन दातांमध्ये त्याचा पातळ पडदा तयार होतो. बुल गिअरची कड सेकंदाला पाऊण मीटर सरकते, आपल्या चालण्याहून हळू. एवढ्या वेगाला तेलाचा पडदा धरत नाही. त्याला काळं, घट्ट, चिकट वंगणच लागतं. दादाच्या कपड्यांवर जे डाग असायचे ते हे. वहिनींनी त्यासाठी वेगळी बादली ठेवली होती आणि ती बादली दुसऱ्या कशालाही वापरायची नाही असा घरात नियम होता.

दादाचं खरं काम कान आणि डोळे उघडे ठेवणं. तो पाळीवर आला की आधी जाळीच्या कठड्याबाहेर उभा राहून पाच मिनिटं नुसतं ऐकायचा. (कठड्याच्या आत चालू मिलला कुणी जायचं नाही. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, काहीही चालायचं नाही. सहलीच्या पोरांना तो आधी खडूच्या रेषेमागे उभं करायचा.) हंगाम संपला की दातांना निळा रंग लावून चाक हातानं फिरवायचं आणि रंग कुठे उठतो ते पाहायचं. दाताच्या पूर्ण रुंदीवर उठला तर ठीक, एकाच टोकाला उठला तर चाक तिरकं बसलं आहे. ऑफ सिझनमध्ये कारखाना बंद असतो असं लोकांना वाटतं. फिटरचा हंगाम तेव्हाच असतो.

आता ती एक गोष्ट सांगतो जी घरात कुणाला फारशी ठाऊक नाही. 1980 नंतरचा एक हंगाम. जानेवारी महिना, गाळप जोरात. पहाटे पहिल्या मिलच्या बुल गिअरचा दात मोडला. दादानं मोडलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. त्याच्या तुटलेल्या भागात निम्म्याहून जास्त जागा काळपट, गुळगुळीत होती आणि तिच्यावर झाडाच्या बुंध्यावर असतात तशा रेषा. उरलेली जागा चकचकीत, खरबरीत. म्हणजे दात त्या पहाटे मोडलेला नव्हता. दाताच्या बुडाशी, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो, तिथे केसाएवढी चीर पडून ती लाखो फेऱ्यांत वाढत आली होती. जो भार दात एकदा घेतला तर सहज सोसतो, तोच पुन्हा पुन्हा घेतला तर कधीतरी थकतो. पोलाद थकतं, हा शब्द मी दादाकडून ऐकला आणि नंतर पुस्तकातही तोच सापडला.

नवा बुल गिअर ओतून, दात पाडून यायला महिने लागतात. इकडे अड्ड्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली. तोडलेला ऊस जसा वाळतो तसं त्याचं वजन घटतं, साखर उतरते, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात. बीडकडून आलेल्या टोळ्यांचं तर आणखी वाईट. त्यांची मजुरी टनावर. मिल बंद म्हणजे तोड बंद, तोड बंद म्हणजे कमाई बंद, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तर डोक्यावर तशीच. थंडीत खोपटात बसून राहायचं. त्यांची काही पोरं हंगामापुरती माझ्या वर्गात बसायची. त्या दिवसांत त्यांच्या डब्यात काय असायचं ते मी पाहिलं आहे.

दादा आणि त्याच्या तीन जोडीदारांनी जागच्या जागी दात बांधायचं ठरवलं. मोडलेल्या दाताचं बूड घासून सपाट केलं. त्यात ओळीनं भोकं पाडून आटे पाडले आणि पोलादी स्टड पक्के बसवले. मग भोवतालचा भाग तापवून त्या स्टडांभोवती वेल्डिंगचा एकेक थर चढवत नेला, आणि घाईनं थंड होऊन तडकू नये म्हणून झाकून ठेवून हळूहळू निवू दिला. सर्वांत शेवटी कानसकाम. शेजारच्या चांगल्या दातावरून दादानं पत्र्याचा टेम्प्लेट कापला होता. तो लावून पाहायचा, जिथे अडेल तिथे कानस मारायची, निळा रंग लावायचा, चाक हातानं फिरवून पाहायचं, पुन्हा कानस. इन्व्होल्युट हा शब्द दादा कधी शिकला नव्हता, पण ती रेषा त्यानं हातानं काढली. यात तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तेव्हा मी शाळेत प्रार्थना घेत होतो, आणि टोळीतली पोरं प्रार्थना सोडून पळाली! मीही त्यांना हाक मारली नाही.

उरलेला हंगाम त्यांनी भार थोडा कमी ठेवून रेटला. दादा रोज दर पाळीला मिल थांबण्याची संधी मिळताच तो दात पाहून यायचा. तो टिकला. पुढच्या ऑफ सिझनमध्ये नवं चाक आलं.

आता बऱ्याच कारखान्यांतून उघडे बुल गिअर गेले. त्यांच्या जागी ग्रहमालेसारखी रचना असलेले बंद गिअरबॉक्स आले आहेत. मधल्या सूर्यचाकाभोवती तीन-चार ग्रहचाकं फिरतात, भार त्या सगळ्यांत वाटला जातो, आणि ग्रहांना धरणाऱ्या चौकटीतून पीळ बाहेर पडतो. त्यामुळे तीन मीटरच्या चाकाचं काम बऱ्याच लहान पेटीत होतं. टर्बाइनच्या जागी वीज मोटर आणि तिचा वेग हवा तसा बदलणारी यंत्रणाही आली. चांगलंच झालं. जागा वाचते, ताकद वाचते, उघड्या दातांत कुणाचा हात जाण्याची भीती राहत नाही. दादा असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं, आणि मग पेटीला कान लावून ऐकलं असतं.

असो. लेख लांबला. हे वाचून दादाच्या नातीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. आबा काय करायचे, तर साखळीतलं शेवटचं चाक चालू ठेवायचे.

तो पत्र्याचा टेम्प्लेट माझ्याकडे आहे. दादानं निवृत्तीनंतर हत्यारांची पेटी वाटून टाकली तेव्हा मी तेवढाच मागून घेतला होता. वर्गात इन्व्होल्युट काढून दाखवायला पुढची काही वर्षं वापरला. थोडा गंजला आहे, पण कड अजून बरोबर आहे. बाळ, उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील तेव्हा घेऊन जा. कॉलेजात गिअरचा दात शिकवतील तेव्हा लावून बघ.